दहा पायऱ्या आणि सोळा हजार चिंचोके

१

चारही माठ फोडले तेव्हा त्यांतून मिळून सहाशे अकरा चिंचोके निघाले. निघायला हवे होते सोळा हजार.

हे मला माझा पुतण्या अनंत याच्या पत्रातून कळलं. सन एकोणीसशे एकोणतीसचा कार्तिक महिना होता. मी बुलडाण्याच्या कचेरीत तीस वर्षं दफ्तर सांभाळून घरी बसलेला माणूस. मागितलेला कागद कपाटातून काढून देणं, यापलीकडे आयुष्यात मी काही शोधलेलं नाही. पण अनंतनं लिहिलं होतं, 'काका, साहेब सोमवारी पुन्हा येणार आहेत. तोवर चिंचोके कुठे गेले हे कळलं नाही, तर आमच्या घाटावरची नाव संपली. तुम्ही या.' त्याला विचारायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी गेलो.

अनंत डोहखेडला शाळामास्तर होता. खडकपूर्णेच्या काठचं हे गाव. आषाढ लागला की आजूबाजूची काळी जमीन अशी होते की बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि गाडीचं चाक आसापर्यंत. देऊळगाव राजा सहा कोस. पण त्या दिवसांत गाडीनं दोन दिवस लागत, आणि दोन दिवसांनी तरी पोचेल याची खात्री नसे. नावेनं मात्र सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथल्या घाटाला लागे. मीठ, घासलेट, टपाल, अडलेली बाई, तापानं फणफणलेलं पोर, विकायचा मूग, सगळं आषाढ ते आश्विन उकंडराव भोयाच्या चार नावांतून जाई. पुढे पाणी उतरलं की जोडधोंड्याजवळ नावा अडत. ते दोन धोंडे सुरुंगानं फोडले तर नाव माघापर्यंत चालली असती आणि गावाचा कापूसही पाण्यानं गेला असता.

अनंतनं त्यासाठी तीन वर्षं अर्ज केले. शेवटी बांधकामाचे साहेब म्हणाले, 'चार महिन्यांत आठ हजारांची ये-जा दाखवा. धोंडे फोडतो. नाहीतर आहे तो घाटही कशाला ठेवायचा?'

दाखवायची कशी? उकंडरावाला लिहिता येत नव्हतं आणि अनंत दिवसभर शाळेत. तेव्हा अनंतनं ही चिंचोक्यांची युक्ती काढली होती.

२

मी पोचलो तो गुरुवार होता. शकुंतलेनं, म्हणजे अनंतच्या बायकोनं, हातपाय धुवायला पाणी दिलं. तिला सातवा महिना होता. गावात कळून दोनच महिने झाले होते. अनंत मला चहासुद्धा घेऊ न देता घाटावर घेऊन गेला.

'हे बघा काका. नाव इथे लागते. इथून दहा पायऱ्या. वर हा निंबाचा चौथरा. यात चार माठ गळ्यापर्यंत पुरले होते, महिन्याला एक. तोंडावर सपाट दगड, दगडाला चिंचोका जाईल एवढंच भोक, आणि दगडाच्या कडेनं लाख.'

'लाखेवर शिक्का?'

'ओव्हरसियर भालचंद्रांचा. ते देऊळगाव राजाहून येऊन लावून गेले. माठ साहेबांसमोर उघडले तेव्हा चारही शिक्के जसेच्या तसे होते. साहेबांनी भिंगातून पाहिले.'

'आणि चिंचोके टाकायचे कोणी?'

'उतारूनं. नाव घाटाला लागण्याआधीच उकंडराव प्रत्येकाच्या हातात एक द्यायचा, आणि ओझं असेल तर पोत्यामागे एक. तो वर येऊन माठात टाकायचा. त्याला दिलेली पिशवी नुसती रिकामी झाली तर साहेब म्हणाले असते, नावाड्यानं नदीत ओतले. म्हणून माठ. घरचे चिंचोके आणून कोणी भर घालू नये म्हणून शाळेतल्या मुलांकडून प्रत्येक चिंचोका एका बाजूनं दगडावर घासून घेतला होता. पांढरा ठिपका दिसेल एवढा.'

मला वाटलं, हा मुलगा आमच्या घराण्यात चुकून जन्मला. मला इतकं सुचलं नसतं.

'उकंडरावाला दर महिन्याला चार हजार मोजून द्यायचो,' अनंत म्हणाला. 'दर महिन्याला पिशवी रिकामी परत यायची.'

म्हणजे नावेतून सोळा हजार निघाले आणि माठात सहाशे अकरा पोचले. मधे दहा पायऱ्या. मी त्या चढून पाहिल्या, उतरून पाहिल्या. माझे गुडघे दुखले. बाकी काही हाती लागलं नाही.

परतताना अनंत हळूच म्हणाला, 'गावात एकच नाव घेताहेत. पंजाबरावांचं.'

३

पंजाबरावांच्या तीस गाड्या होत्या. नाव बंद पडली तर सगळा माल गाडीनं जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेलो. काय विचारायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. तो कागद खिशातून काढायची लाज वाटली.

'मास्तरचे काका ना तुमी? बसा,' ते म्हणाले. 'चोर पाहाले आले म्हणते गाव. पाहा मग. असाच दिसतो चोर.'

'तसं नाही, पंजाबराव. पण गाड्या तुमच्या…'

'हाव, गाड्या माह्या. बैलं बी माहे. पावसाळ्यात एक खेप केली का एक बैल खुरानं जाते. परसालच्या भादव्यात दोन मेले, नाल्यात, जुवासगट. तवापासून आषाढ ते आश्विन माह्या गाड्या बसून असतात अन् माहा मूग उकंड्याच्या नावेत जाते. आठ गाड्यांचा माल एक नाव नेते, दोन माणसांत. मी काऊन बुडवू ते नाव? मी का येडा आहो?'

मी गोठ्यात डोकावलो. बैल धष्टपुष्ट होते आणि गाड्यांच्या चाकांवर कोळ्यांनी जाळी धरली होती. ते खरं बोलत होते.

राहिले भालचंद्र. शिक्का त्यांचाच, लाख वितळवून माठ रिकामे करायचे आणि पुन्हा शिक्का मारायचा, हे त्यांनाच जमलं असतं. पंजाबरावांनी आपली एक गाडी जुंपून दिली, कार्तिकात वाट कोरडी होती, संध्याकाळी मी देऊळगाव राजाला पोचलो. बालाजीच्या देवळामागच्या बिऱ्हाडात भालचंद्र नकाशे गुंडाळत बसले होते.

'तुम्ही रस्त्याचे माणूस असं ऐकलं,' मी म्हणालो. 'रस्ता झाला तर…'

ते हसले. 'आजोबा, डोहखेडच्या मातीवर रस्ता म्हणजे दर वर्षी मुरूम टाकायचा आणि दर वर्षी नदीला वाहायचा. मी तो मांडून पाहिलाय. रस्त्याला जेवढा खर्च, त्याच्या विसाव्या हिश्श्यात दोन धोंडे फुटतात. नदी आयती आहे. तिला ना मुरूम लागतो ना दुरुस्ती.' त्यांनी एक कागद पुढे केला. साहेबांना पाठवायची शिफारस, नावेच्या बाजूनं, सही करून तयार. खाली आकड्याची जागा कोरी होती. 'इथे फक्त आठ हजारांच्या वरचा आकडा हवा होता. सहाशे अकरा कसा लिहू?'

तीस वर्षं मी कागद पाहिले. मन राखायला लिहिलेला कागद आणि मनापासून लिहिलेला कागद एवढं मला ओळखता येतं. हा दुसऱ्या जातीचा होता.

माझ्याकडे संशयित दोनच होते आणि दोघेही संपले होते.

४

शनिवारी सकाळी परतलो तो थेट घाटावर. उकंडराव नाव उलटी घालून सांधे भरत होता. त्याच्याशी बोलायचं मी टाळलं होतं, कारण तो चोर निघाला असता तर मला फार वाईट वाटलं असतं.

'उकंडराव, चिंचोके तुम्ही प्रत्येकाला दिलेत?'

'देल्ले. एकेकाच्या हातात. म्हाताऱ्यांची मूठ मिटून देल्ली.'

'आणि ते माठात टाकताना पाहिलेत?'

तो थांबला. 'मी कसा पाहीन, बाबा? नाव लागली का मी मागच्या टोकाले असतो, बांबू रोवून. माहं तोंड नदीकडे. जरा वळलो का धार नाव फिरवते, अन् बाई पाण्यात. उतारू गेल्याबिगर मी मान नाई फिरवत.'

मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, एका ओळीत विचार केला. शिक्के शाबूत आहेत, म्हणजे माठातून काही निघालेलं नाही. पिशव्या रिकाम्या आहेत, म्हणजे चिंचोके लोकांच्या हातात पडले. आणि देणाऱ्याची पाठ पायऱ्यांकडे आहे. मग चोरी माठातही नाही आणि नावेतही नाही.

मी वर गावात आलो. पहिलंच घर गोजरबाईंचं. सत्तरीची म्हातारी, गावात तिचा शब्द चाले. ती ओट्यावर शेजारच्या तानुबाईबरोबर कोळशानं आखलेला पट खेळत बसली होती. फासे म्हणून चार चिंचोके होते. तिनं ते टाकले. दोन काळे पडले, दोन पांढरे.

पांढऱ्या ठिपक्याचे.

'गोजरबाई,' मी म्हणालो, 'हे कुठून आणले?'

तिनं पदरानं पट झाकला.

५

मी रागावलो नाही, मला रागावता येत नाही. मी खाली ओट्यावर बसलो. मग तानुबाई म्हणाली, 'सांग ना वं. मास्तरचे काका हायेत, पोलीस थोडेच.'

'काय सांगू?' गोजरबाई म्हणाली. 'माहा सासरा लई हौशी. मोजणीवाला आला तवा त्यानं विहीर दाखवली. पाणी पाजलं, गूळ देल्ला, म्हणे पाहा साहेब केवढं पाणी. दुसऱ्या साली सारा वाढला. शेजारच्या झुंबरबाईच्या घरच्यायनं विहीर पऱ्हाट्या टाकून झाकली होती. तिच्या घरचा एक पैसा नाई वाढला. मंग मले सांगा, सरकार मोजते ते कायले मोजते? द्यायले का घ्यायले?'

'पण गोजरबाई, हे तर धोंडे फोडण्यासाठी…'

'तसंच म्हणतात. आज मुंडकं मोजलं, उद्या मुंडक्यावर कर. नावेत बसाले कर, उतराले कर.'

'मग तुम्ही गावाला सांगितलंत, टाकू नका म्हणून?'

'मी कोणाले काऊन सांगू? मी माह्यापुरती मूठ भोकावर ठेवली अन् तशीच परत आणली. बाकीचे टाकतच होते ना.'

तानुबाईनं तिच्याकडे पाहिलं. 'मले वाटलं तू टाकून राह्यली,' ती म्हणाली. 'म्हणून मी नाई टाकले.'

त्या दिवशी मी एकोणीस घरं फिरलो. दिव्याच्या कोनाड्यात, मिठाच्या मडक्यात, पाळण्यावर ओवलेले, पदराच्या गाठीत, सगळीकडे पांढऱ्या ठिपक्याचे चिंचोके होते. सरकारी वस्तू म्हणून फेकायचीही भीती, म्हणून जपून ठेवलेले. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. प्रत्येकानं एकट्यानं ठरवलं होतं की आपण तेवढे मोजले जायचं नाही. माठातले सहाशे अकरा बहुतेक पलीकडच्या मोगलाईतल्या लोकांचे होते. त्यांचा सारा निजामाकडे, त्यांना इथल्या मोजणीचं काय भय?

मी प्रत्येक घरी चिंचोके मोजले, घरमालकाच्या नावासमोर आकडा लिहून घेतला आणि चिंचोके होते तिथे परत ठेवले. लोक विचारत, 'काऊन मोजता?' मी सांगे, 'सोमवारी साहेबांना दाखवायचे आहेत.' एकोणीस घरांत पाच हजार दोनशे चाळीस भरले. अजून पन्नास घरं बाकी होती.

संध्याकाळी अनंतला सांगितलं तेव्हा तो रडलाच. मग आतून शकुंतलेचा आवाज आला.

'काका, माझेही लिहा. चौदा. डब्यात आहेत.'

'तू?' अनंत म्हणाला. 'तू तरी टाकायचेस.'

ती दाराशी आली. 'तेव्हा दिवस गेल्याचं कोणाला सांगितलं नव्हतं ना अजून. एक टाकावा तर खोटं होतं. दोन टाकावेत तर बरोबरच्या बायकांना कळलं असतं. म्हणून नाही टाकला एकही.' मग ती म्हणाली, 'माघात नाव असेल ना हो, काका? मला गाडीनं जायची भीती वाटते.'

'असेल,' मी म्हणालो. मला इतकी खात्री आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती.

रविवारी सकाळी मी पोलीस पाटील कारभारी यांच्याकडे गेलो आणि दवंडी द्यायला सांगितली. ज्याच्या घरी ठिपक्याचे चिंचोके असतील त्यानं ते उद्या साहेबांसमोर चावडीवर आणावेत.

६

रविवारी दिवेलागणीला मी ओट्यावर बसून उरलेल्या घरांची यादी करत होतो. वारा गावाकडून होता. त्यावर एक खमंग वास आला. मला लहानपण आठवलं. आई चुलीच्या राखेत चिंचोके भाजायची.

यादी माझ्या हातातून पडली.

मी जितकं पळता येतं तितका पळालो. गोजरबाईंच्या चुलीवर तवा होता. तानुबाईच्या चुलीवर खापर होतं. पुढच्या घरीही, त्याच्या पुढच्याही. कुठे पोरं कडाकडा फोडून खात होती, कुठे बाई सुपात टरफलं पाखडत होती. ज्यांना भाजायला वेळ नव्हता ते ओंजळी भरून नदीकडे चालले होते.

'अहो, थांबा,' मी म्हणत होतो. माझा आवाज कधीच मोठा नव्हता.

गोजरबाईनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. 'काका, दवंडी पोलीस पाटलानं देल्ली. झडती येते म्हणजे. घरात सरकारचा माल सापडला तर बेड्या. तुमी चांगले माणूस. तुमाले नाई कळत.'

मोजून परत ठेवायच्याऐवजी मी ते तेव्हाच पिशवीत घातले असते तर. पण मी कागदाचा माणूस. लिहून घेतलं म्हणजे झालं, असं मला तीस वर्षं वाटत आलं होतं.

सोमवारी साहेब आले. चांगले होते, मराठी बोलत होते. मी माझा कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं, अडखळत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

'पाच हजार दोनशे चाळीस, एकोणीस घरांत,' ते म्हणाले. 'आणि चिंचोके?'

शकुंतलेनं आपले चौदा पाठवले होते. मी ते टेबलावर ठेवले.

साहेबांनी लोकांनाच विचारायचं ठरवलं. हा त्यांचा मोठेपणा. एकेक जण पुढे आला.

'नावेत बसता?'

'एखाद वक्ती, साहेब. सणासुदीले.'

'तुम्ही?'

'माहे पाय आहेत ना साहेब. पायी जातो.'

पंजाबराव आले. मी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. 'घरच्या तीस गाड्या असून नावेत काऊन माल टाकू, हुजूर?'

शेवटी उकंडराव. साहेबांनी आवाज मऊ केला. 'तुम्हाला तर माहीत असेल. चार महिन्यांत किती माणसं नेली? न घाबरता सांगा.'

उकंडरावानं तोंड उघडलं. मग त्यानं वळून पाहिलं. सगळं गाव चावडीखाली उभं होतं. त्याला या लोकांकडून रोख काही मिळत नसे. सुगीला प्रत्येक खळ्यावरून सूपभर ज्वारी मिळे, त्यावर त्याचं घर चाले. त्या सगळ्या खळ्यांचे मालक त्याच्याकडे पाहत होते.

'असतील पाच-सहाशे,' तो म्हणाला.

भालचंद्रांनी आपला कागद काढला आणि कोऱ्या जागेत आकडा लिहिला. मग शिफारशीवर आडवी रेघ ओढली.

७

धोंडे फुटले नाहीत. फाल्गुनात घाट यादीतून कमी झाला. नाव चालवायला परवाना लागत होता, तो पुन्हा मिळाला नाही.

शकुंतलेला अनंतनं मार्गशीर्षातच चिखलीला माहेरी पोचवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. पण परत डोहखेडला जायला ती तयार झाली नाही, आणि अनंतनं मेहकरला बदली मागून घेतली. त्याच्या जागी दुसरा मास्तर आला नाही. उकंडराव जालन्याच्या जिनिंगात ओझी उचलायला गेला असं ऐकलं.

पुढच्या आश्विनात अनंतची राहिलेली पुस्तकं आणायला मी डोहखेडला गेलो. देऊळगाव राजाहून गाडीनं. दोन दिवस आणि एक रात्र लागली. वाटेत दोन गाड्या नाल्यात रुतून सोडून दिलेल्या होत्या, वरचा मूग पोत्यातच उगवला होता. गावात महिनाभर मीठ नव्हतं. तानुबाईच्या नातवाला तापात गाडीत घालून नेलं होतं. तो अर्ध्या वाटेवरून परत आणावा लागला, आणि आणला तेव्हा तो राहिलेला नव्हता.

गोजरबाई ओट्यावर एकटीच होती. तिनं मला ओळखलं, बसायला घोंगडी सरकवली, पाणी दिलं. माझ्या धोतरावरचा मांडीपर्यंतचा चिखल तिनं पाहिला. थोड्या वेळानं जवळ सरकली आणि मला बरं वाटावं म्हणून हळू आवाजात म्हणाली,

'पाह्यलं का, काका. कर काही बसला नाई.'

'हो,' मी म्हणालो.